काकासाहेबांचा वाण पाहणी दौरा

वाटूर फाट्यावर कोणाची जीप बंद पडली की माणसं जमतात आणि इंजिनात डोकावतात. काकासाहेब डोकावत नसत. ते ड्रायव्हरला बाजूला घेऊन विचारत, "निघायच्या आधी नियोजन काय केलं होतं?" ड्रायव्हरला त्या प्रश्नाचं उत्तर कधी देता आलं नाही आणि जीप त्या प्रश्नाने कधी चालू झाली नाही. पण गाडी बंद पडली ती डिझेलमुळे नव्हे, नियोजनाअभावी, एवढं मात्र सर्वांना समजून जाई.

माणूस तसा साधा. वाटूरला थोडी कपाशी, थोडी तूर आणि तीन एकर द्राक्षबाग. डोक्यावर पांढरी टोपी, खिशात दोन पेन, एक चालणारा आणि एक तो बंद पडला तर. मुलीच्या लग्नात त्यांनी आदल्या दिवशी रिकाम्या पत्रावळींवर पंगतीची रंगीत तालीम घेतली होती. चुन्याच्या रेघा मारून कोणी कुठे बसायचं ते ठरवलं होतं. लग्नाच्या दिवशी वरपक्षाचे लोक त्या रेघांवर आडवे बसले आणि वाढप्यांना गल्लीच सापडेना. काकासाहेबांच्या मते चूक रेघांची नव्हती.

सासरे घनसावंगीला आजारी पडले तेव्हा तर त्यांनी कमालच केली. शेवटची बातमी आली तर कोण कोणत्या गाडीने निघणार, वाटेत कोणाला घ्यायचं, हे सगळं ठरवून गाड्या सांगून ठेवल्या. सासरे बरे झाले आणि पुढे बरीच वर्षं जगले. काकासाहेब भेटायला गेले की म्हातारा बाजेवरूनच विचारी, "जावईबापू, गाड्या सांगून ठेवल्या का?"

अशा माणसाच्या आयुष्यात एकच जागा बिननियोजनाची होती. ती म्हणजे बायको, सगुणाबाई.

झालं होतं असं. ठिबकच्या एका योजनेत बाईच्या नावावर जमीन असेल तर नंबर लवकर लागतो, असं काकासाहेबांच्या कानावर आलं होतं. त्यांनी लगोलग बागेचा सातबारा सगुणाबाईंच्या नावावर करून घेतला. नळ्या आल्या, बाग हिरवी झाली. गावात दोन वर्षं काकासाहेब या नियोजनाचा दाखला देत फिरले. फक्त त्या दिवसापासून सगुणाबाई 'आपली बाग' न म्हणता 'माझी बाग' म्हणायला लागल्या.

मग दोन हजार सहा-सातचं साल आलं आणि द्राक्षवाल्यांच्या तोंडी एकच शब्द झाला, वायनरी. नाशिककडे धरणाच्या काठाने वायनऱ्या उभ्या राहिल्या आहेत, त्या वेगळ्या जातीची द्राक्षं लावायला लावतात, भाव आधीच ठरवतात, करार करतात. काकासाहेबांना त्यातला 'आधीच' हा शब्द फार आवडला. दर फाल्गुनात अवकाळी पाऊस यायचा, खायच्या द्राक्षांचे मणी तडकायचे आणि त्यांचं वर्षभराचं नियोजन चिखलात जायचं. सगळं आधी ठरलेलं असतं असा धंदा त्यांना प्रथमच भेटत होता. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. तीन एकरांतली जुनी बाग काढायची आणि वाईनचा वाण लावायचा. करारावर सही मात्र सातबारा ज्याच्या नावाचा त्याची लागणार होती.

सगुणाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी तव्यावर टाकून विचारलं, "माझ्या बागेतला पहिला घड कोणाला जातो?"

"मारुतीला."

"मंग पहिली बाटली कोणाला द्यायची?"

काकासाहेबांनी या प्रश्नाचं नियोजन केलेलं नव्हतं. ते उठून गोठ्याकडे गेले.

पण हार मानली तर ते काकासाहेब कसले. माणूस ऐकून पटवून घेत नाही, बघून पटवून घेतो, हा त्यांचा सिद्धांत होता. गावातल्या द्राक्षवाल्यांचा दौरा काढायचा. धरणाच्या काठच्या चार वायनऱ्या एका दिवसात बघायच्या. चार प्रतिष्ठित माणसं घरी येऊन म्हणाली, की वहिनी, कारखाना स्वच्छ आहे, दारूसारखं काही नाही, तर सही होऊन जाईल. सगुणाबाईंना नेण्याचा प्रश्नच नव्हता. दौरा पुरुषांचा होता.

नियोजनाची बैठक मारुतीच्या सभामंडपात भरली. शाळेतून फळा मागवला होता. काकासाहेबांनी खडू घेऊन वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वायनरी पाहणी दौरा'.

कडूबा बुवा उठून उभे राहिले. बुवा म्हणजे गावच्या भजनी मंडळाचे मुख्य, गळ्यात तुळशीची माळ, आणि एक एकर द्राक्ष. "काकासाहेब, हे पुसा आधी."

"कामून?"

"मागं कोण बसलंय ते बघा."

काकासाहेबांनी मागे पाहिलं. मागे शेंदूर लावलेला मारुती बसला होता.

"ब्रह्मचारी देव," बुवा म्हणाले. "त्याच्या डोळ्यापुढं दारूच्या कारखान्याचं नाव लिव्हून राह्यले तुम्ही. आम्हाला यायला काही हरकत न्हाई. लिव्हायला हरकत आहे."

बैठकीला ते बराबर वाटलं. काकासाहेबांनी थोडा विचार केला आणि 'वायनरी' पुसून तिथे 'वाण' लिहिलं. वाण पाहणी दौरा. द्राक्षाचा वाण बघायला चाललो, यात खोटं काही नव्हतं. शब्दही एकच बदलला, असं ते म्हणाले. बुवांनी मान डोलावली. मारुतीचाही विरोध दिसला नाही.

आता मराठीत वाण हा शब्द मोठा अडचणीचा आहे. बियाण्याचा असतो तो वाण. संक्रांतीला बायका एकमेकींना देतात ते वाण. 'तो' आणि 'ते' पुढे लावलं तर माणूस फसत नाही. काकासाहेबांच्या फळ्यावर पुढे काहीच लावलेलं नव्हतं. आणि संक्रांत होऊन चारच दिवस झाले होते.

पण ते पुढे. त्या बैठकीत आधी देवांची भरती झाली.

"नाशिकला जाऊन राह्यलो तर रामकुंडात एक बुडी मारायला काय जातं?" असं एकाने सुचवलं. रामकुंड फळ्यावर आलं. रामकुंड आलं म्हणजे काळाराम आलाच. बुवा म्हणाले, त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या पायाशी न जाता परतलो तर मी गावात तोंड दाखवू शकणार नाही. त्र्यंबक आलं. वाटेत शिर्डी लागते असं कोणीतरी म्हणालं. शिर्डी वाटेत लागत नाही, थोडं वळावं लागतं, असं काकासाहेबांनी सांगताच साईबाबांपेक्षा तुम्हाला वळण मोठं का, असा सवाल आला. शिर्डीही आली.

काळाराम रामकुंडाच्याच ओळीत मावला. बाकी प्रत्येक देव फळ्यावर चढला की जागा करण्यासाठी काकासाहेब एक वायनरी पुसत. बैठक सुरू झाली तेव्हा चार वायनऱ्या आणि शून्य देव होते. संपली तेव्हा चार देव आणि एक वायनरी उरली होती, तीही 'पाहणी' एवढ्याच सोवळ्या नावाने, फळ्याच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, दुपारच्या जेवणाच्या शेजारी.

"ही तेवढी राहू द्या," काकासाहेब कळवळून म्हणाले.

"राहू द्या, राहू द्या," बुवा उदारपणे म्हणाले. "तिच्यासाठीच तर चाललो."

फळा कोणी पुसला नाही. शनिवारी चांगुणाबाई मारुतीला तेल घालायला आल्या. त्या बचत गटाच्या अध्यक्षा, आणि सगुणाबाईंच्या शेजारीण. त्यांनी फळा वाचला. वर वाण, खाली रामकुंड, काळाराम, त्र्यंबक, शिर्डी. तेल अर्धं मारुतीवर आणि अर्धं पायरीवर सांडून त्या निघाल्या ते सरळ सगुणाबाईंच्या ओट्यावर.

"सगुणा, तुझे मालक लई गुपचूप काम करून राह्यले. वाणाला नेऊन राह्यले बायांना, रामाच्या गावी. आणि तुला पत्ताच न्हाई?"

सगुणाबाईंना पत्ता नव्हता. पण संसारात नवऱ्याने आपल्यासाठी गुपचूप काही केलं, ही बातमी खोटी आहे असं म्हणायला कोणत्या बाईची जीभ रेटते? त्यांनी कपाशीच्या पैशातून घेतलेली नवी साडी काढून ठेवली आणि नवऱ्याला काही विचारलं नाही. रथसप्तमीपर्यंत वाणाचे दिवस असतात. हिशोब जुळत होता.

निघायच्या दिवशी संध्याकाळी मुबारकभाईंची मिनी बस मारुतीसमोर लागली. मुबारकभाई लग्नाची भाडी मारणारे, पट्टीचे ड्रायव्हर. पुरुष पिशव्या घेऊन हजर झाले. आणि गल्लीच्या तोंडातून बायका आल्या. डोक्यावर पदर, हातात करंडे, पिशवीत तिळाचे लाडू आणि सुगडं. पुढे चांगुणाबाई, त्यांच्या मागे सगुणाबाई, नवी साडी नेसून.

मुबारकभाईंनी टायरला लाथ मारून हवा बघितली आणि म्हणाले, "काका, तुम्ही बाराती सांगितले होते. ही तर पूरी बारात आली."

काकासाहेबांचा चेहरा सुगडासारखा झाला. ते बायकोजवळ गेले. "अगं, तू?"

"तुम्ही सांगितलं न्हाई, तरी मला कळलं," सगुणाबाई म्हणाल्या. असं म्हणताना त्या हसल्या. काकासाहेबांना बायकोचं ते हसू पाहून किती वर्षं झाली ते आठवेना. "वाण कोणाकडलं आहे म्हणे?"

इथे खरं सांगायला जागा होती. काकासाहेबांनी ती पाहिली आणि ओलांडून गेले. "मोठ्या घरचं आहे," ते म्हणाले.

बायका बाकांवर बसल्या आणि पुरुष मागच्या बाजूला पिशव्यांवर. सगुणाबाईंचा भाऊ रामकिसन घनसावंगीहून आला होता, त्याला टपावर जायची पाळी येता येता राहिली. त्याचा ऊस गोदावरीच्या काठाला. द्राक्षाशी त्याचा संबंध खाण्यापुरता. तो दाजींचं नियोजन पाहायला आला होता, असं त्यानेच सांगितलं.

काकासाहेब खिडकीला टेकून विचार करत होते. विचार असा, की हे बरंच झालं. चार माणसांनी घरी येऊन सांगण्यापेक्षा बायको स्वतः बघेल. आपण हे ठरवलं नव्हतं, पण ठरवलं असतं तर यापेक्षा वेगळं काय ठरवलं असतं? औरंगाबाद येईपर्यंत त्यांची खात्री झाली होती, की बायकांना आणण्याची कल्पना मुळात त्यांचीच.

रात्री पंचवटीच्या धर्मशाळेत उतरले. सकाळी रामकुंड, मग काळाराम, मग त्र्यंबक झालं. तिथे रांगेत इतका वेळ गेला की शिर्डी परतताना दाराबाहेरून हात जोडून उरकायची असं ठरलं. ऊन चढल्यावर बस धरणाच्या बाजूला वळली.

एका वळणावर डाव्या हाताला पाणी दिसलं. दूरवर निळं, मधे टेकड्यांची बेटं, काठाने द्राक्षाचे मांडव, आणि पाण्यावरून येणारा गार वारा. मुबारकभाईंनी न सांगता बस थांबवली. "क्या नजारा है," ते म्हणाले. सगळे उतरले. काकासाहेबांना बरं वाटलं. देखाव्याचं नियोजन त्यांनी केलेलं नव्हतं, पण तो वेळेवर आला होता.

रामकिसन काठाशी गेला आणि कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "दाजी, हे आपलं पाणी आहे."

"म्हंजे?"

"गोदावरीचं न्हाई का? इथं अडवलं म्हून तिथं येत न्हाई. माझा ऊस वाळून राह्यला आणि हे इथं बदकं पोहवून राह्यले."

पुरुषांनी पाण्याकडे पुन्हा पाहिलं. आता ते त्यांना देखाव्यासारखं दिसेना. ते चोरीच्या मालासारखं दिसायला लागलं.

"या पाण्यावर हे द्राक्ष काढत्यात," रामकिसनने हिशोब पुढे नेला, "द्राक्षाची वाईन करत्यात, आणि वाईन आपल्याला दाखवायला बोलवत्यात. म्हंजे आपलंच पाणी बाटलीत भरून आपल्यालाच इकायचं."

"मंग तर प्यायला काहीच हरकत न्हाई," कडूबा बुवा म्हणाले. "आपल्या घरचंच आहे."

वायनरी एका टेकाडावर होती. काचेच्या भिंती, समोर हिरवळ, त्यावर छत्र्या. फाटकात पँट घातलेली एक मुलगी स्वागताला उभी होती, चुणचुणीत, बोलायला गोड. तिला वाटूर ठाऊक नव्हतं, पण जालना ऐकून होती. तिने सगळ्यांना आत नेलं.

स्टीलच्या उंच टाक्या पाहून बायका म्हणाल्या, हे तर दूध डेअरीवाणी आहे. सगुणाबाईंनी फरशीवरून बोट फिरवून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही. काकासाहेबांनी ते हेरलं. मग सगळे तळघरात उतरले. अंधूक उजेड, थंडावा, लाकडी पिंपांच्या रांगा आणि एक आंबूस गोड वास. बुवांनी चपला बाहेरच काढल्या होत्या. "गाभारा," ते हळूच म्हणाले आणि पहिल्या पिंपाला हात लावून तो कपाळाला लावला.

वर आल्यावर मुलीने टेबलावर पेले मांडले. उंच दांड्याचे, काचेचे, पातळ. पुरुष पुढे सरकले, बायका सरबताचा पाहुणचार समजून भिंतीशी उभ्या राहिल्या. मुलीने पेल्यात दोन घोट ओतले आणि समजावलं, आधी रंग बघायचा, मग पेला असा गोल फिरवायचा, मग वास घ्यायचा, मग एक घोट तोंडात फिरवायचा, आणि शेजारच्या या बादलीत थुंकायचं.

पुरुष बादलीकडे बघत राहिले.

"थुंकायचं?" बुवांनी विचारलं.

"हो, म्हणजे चव कळते आणि चढत नाही."

"बाई, आम्ही खेड्यातली माणसं," बुवा म्हणाले. "पण तोंडातलं अन्न थुंकायची आमच्याकडं रीत न्हाई. त्याला पाप म्हणतात." असं म्हणून त्यांनी गळ्यातली माळ काढली, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, वरून रुमाल घातला, म्हणजे माळेला दिसायला नको, आणि पेला एका दमात संपवला.

मुबारकभाईंपुढे पेला आला तेव्हा त्यांनी हात जोडले. "मैं न्हाई. आम्हाला बिलकुल चालत न्हाई."

"आमाला तरी कुठं चालतं?" बुवा म्हणाले. "अभ्यास करून राह्यलो."

अभ्यास पाच प्रकारच्या बाटल्यांतून झाला. बादली शेवटपर्यंत कोरडी राहिली. तिसऱ्या बाटलीनंतर रामकिसनला धरणाच्या पाण्याचा राग उरला नाही. चौथीनंतर बुवा म्हणाले, चव काही खास नाही, काकवीत चिंच टाकल्यासारखी, पण विषय समजायला एकदा परत घ्यावी लागेल.

काकासाहेबांनी एकच घोट घेतला. त्यांचं लक्ष भिंतीकडे होतं.

भिंतीशी चांगुणाबाईंनी करंडा उघडला होता. त्या मुलीजवळ गेल्या, तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, हातावर तिळाचा लाडू ठेवला. "गोड बोल, बाई. तुझ्या मालकिणीला बोलव. कुठं मांडलंय?"

"काय मांडलंय?"

"वाण."

मुलीला वाटलं या वाईन म्हणत आहेत. तिने हसून बाटल्यांच्या कपाटाकडे हात केला. "हे काय, सगळं इथंच आहे."

चांगुणाबाईंनी कपाटाकडे पाहिलं. रांगेने बाटल्या. मग पुरुषांकडे पाहिलं. बुवा पेला गोल फिरवत होते. मग दारावरच्या पाटीकडे पाहिलं आणि ती मोठ्याने, अक्षर अक्षर लावून वाचली. "वा-य-न-री."

सगळ्या बायकांनी काकासाहेबांकडे पाहिलं. फक्त सगुणाबाईंनी पाहिलं नाही. त्या आपल्या नव्या साडीच्या पदराची घडी नीट करत होत्या.

"हे वाण व्हय?" चांगुणाबाई म्हणाल्या. "सगुणा, मालकांनी लई मोठ्या घरी आणलं गं. सगळं गाव हसंल असं घर आहे."

काकासाहेबांनी खुलासा करायला तोंड उघडलं. द्राक्षाच्या जातीलाही वाण म्हणतात, फळ्यावर चूक काहीच नव्हती. पण त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "तो वाण..."

"बराबर आहे," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "तो तुमचा. आमचं ते कुठं आहे?"

मग सगुणाबाईंनीच करंडा उचलला आणि म्हणाल्या, "कुंकू लावून झालं. आता रिकाम्या ओटीनं जायचं न्हाई. काय देत असतील ते देऊ द्या."

वायनरीचा मॅनेजर गडबड ऐकून आला होता. धंद्यातला माणूस, त्याने अर्ध्या मिनिटात ताडलं. त्याने खोक्यातून नवे पेले काढले, वायनरीचं नाव छापलेले, आणि प्रत्येक बाईला एक एक वाण म्हणून दिला. बायकांनी पेले उजेडात धरून बघितले. काच चांगली होती. चांगुणाबाईंनी टिचकी मारून नाद ऐकला आणि त्यांचा राग निम्मा झाला.

आणि इथे काकासाहेबांना सुचलं. आयुष्यात प्रथमच त्यांना आयत्या वेळी काही सुचलं होतं. त्यांनी मॅनेजरला बाजूला घेतलं, कानात काही सांगितलं. मॅनेजर नर्सरीकडे गेला आणि प्लास्टिकच्या पिशवीतलं एक हातभर उंचीचं रोप घेऊन आला. वाईनच्या द्राक्षाचं कलम.

"ताई, हे खास तुमच्यासाठी वाण," तो म्हणाला.

सगुणाबाईंनी रोपाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. काकासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "संक्रांतीच्या वाणाला न्हाई म्हणायचं नसतं. सवाष्णीनं तर बिलकुल न्हाई."

हे खरं होतं. वाण परत करत नाहीत, हे तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. सगुणाबाईंनी पदर पसरला, रोप ओटीत घेतलं आणि कपाळाला लावलं.

काकासाहेबांना उडी मारावीशी वाटली. मॅनेजरकडून त्यांनी कराराचा कागद घेऊन वरच्या खिशात ठेवला.

परतीच्या वाटेवर बुवांनी भजन धरलं. ते एकाच ओळीवर फिरत राहिलं, कारण पुढची त्यांना सापडत नव्हती. मुबारकभाई म्हणाले, "बुवा, ही ओळ तुम्ही येवल्यापासून गाऊन राह्यले. आता जालना आलं." माळ खिशातून काढायची बुवांना आठवण राहिली नाही. ती दुसऱ्या दिवशी सदरा धुवायला टाकताना त्यांच्या बायकोला सापडली, पण तो वेगळा विषय.

रामकिसन काकासाहेबांच्या कानाशी लागला. "दाजी, मानलं तुम्हाला. आक्कानं ओटीत घेतलं म्हंजे झालंच की."

"नियोजन," काकासाहेब म्हणाले आणि टोपी डोळ्यांवर ओढून झोपले.

गावी आल्यावर दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. घाई केली तर काम बिघडतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी कराराचा कागद पाटावर ठेवला, चालणारा पेन काढला आणि हाक मारली, "अगं, सही करायची होती."

सगुणाबाई मागच्या दारी होत्या. भांडी घासायच्या दगडाजवळ, जिथे मोरीचं पाणी जातं, तिथे त्यांनी खड्डा घेतला होता. रोप लावून झालं होतं. शेजारी तुराटी रोवून त्याला सुतळीने बांधत होत्या.

"हे काय?"

"वाण," त्या म्हणाल्या. "घेतलं होतं, लावलं."

"अगं, पण बागेत..."

"बागभर कोणी दिलं न्हाई मला. ओटीत एकच घातलं होतं, तेवढं लावलं. वाण जेवढं देतात तेवढंच घ्यायचं असतं. जास्त मागू न्हाई." सुतळीची गाठ त्यांनी दातांनी ओढून पक्की केली. "आणि जे घ्यायला बायकोला दुसऱ्याच्या घरी न्यायचं, त्याचं नाव आधी खरं सांगावं. मी नवी साडी नेसून आल्ते."

काकासाहेब कागद हातात घेऊन उभे राहिले. या प्रश्नाचं नियोजन आता करून उपयोग नव्हता. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

वेल मात्र वाढला. मोरीचं पाणी त्याला मानवलं असावं. दुसऱ्या वर्षी तो न्हाणीच्या पत्र्यावर चढला, तिसऱ्या वर्षी घड धरले. मणी बारीक, काळे, आत बिया, चवीला आंबट. पोरं तोंड वाकडं करून थुंकायची, बादली नसताना. पहिला घड सगुणाबाईंनी मारुतीला नेऊन ठेवला. बुवांनी विचारलं, "हा चालतो का देवाला?" त्या म्हणाल्या, "घड आहे तवर चालतो."

मधल्या काळात नाशिककडच्या वायनऱ्यांचा बाजार मंदावल्याची बातमी आली. करार करून बसलेले लोक घड कोणाला द्यावेत म्हणून फिरत होते. ही बातमी कळली त्या संध्याकाळी द्राक्षवाले काकासाहेबांच्या अंगणात जमले. चहा वायनरीच्या पेल्यांतून आला नाही, ते पेले घरोघरी वेगवेगळ्या कामी लागले होते. सगुणाबाईंच्या पेल्यात देवापुढची फुलवात असे, चांगुणाबाईंच्या पेल्यात कवळी.

"तुम्ही कसे वाचले हो, काकासाहेब?" एकाने विचारलं. "तुम्ही तर सगळ्यांच्या आधी तिकडं गेल्ते."

काकासाहेबांनी न्हाणीवरच्या वेलाकडे बोट केलं. "आधी एकच लावून बघायचा. नमुना म्हून. त्याचं कसं जमतंय ते पाहायचं, मंग तीन एकराला हात घालायचा. याला नियोजन म्हणत्यात."

माणसांनी माना डोलावल्या. मागच्या दारी सगुणाबाई भांडी विसळत होत्या. त्यांनी राखेचं पाणी वेलाच्या बुडाशी ओतलं आणि तिथूनच म्हणाल्या, "हाव. लई इचार करून लावला यांनी. माझ्या ओटीतून."